जरीची मासोळी

रेणुकानं शेळीच्या शेपटीचे पांढरे केस दातांत धरले, गळाच्या दांडीला दोऱ्याचा वेढा दिला आणि चिमूटचिमूट केस त्याखाली सारत गेली. पोटाला पांढरे, पाठीला निळे रंगवलेले. खिडकीच्या चौकटीला बांधलेल्या पकडीत गळ घट्ट उभा होता. दोन्ही कुशींना तिनं जरीची तार सोडली, डोळ्याच्या जागी टिकली चिकटवली आणि फुंकर घातली. केस हलले. बोटभर तारली दारातल्या वाऱ्यात पोहू लागली. खरी तारली तिनं कधी पाहिली नव्हती, समुद्रही नाही.

"जिती हाय की गं!" सासू, सुमनबाई, म्हणाल्या. "मांजर पळवून न्यायचं."

ओसरीवर चहा पीत बसलेला सत्यम हसला. तो मुदखेडचा, विनोदसोबत मस्कतला असायचा. सुट्टी संपली होती, म्हणून विनोदसाठी या मासोळ्यांचा डबा न्यायला इस्लापूरला आला होता.

विनोद म्हणजे रेणुकाचा नवरा. गेला तो बोटीवर कामाला. हौशी पाहुणे समुद्रात गळ टाकायचे, आणि सुरमईला फसवायला गळावर अशी खोटी मासोळी लागायची. विनोदनं फोनवर दाखवलं. भोयाच्या घरची रेणुका बघता बघता शिकली. तिकडून आलेली चमकी संपली तेव्हा तिनं लग्नातल्या शालूचा पदर उसवला. ती मासोळी बघून विनोद म्हणाला, आता दुसऱ्या कुणाची चालत न्हाई.

तेव्हापासून ती विचारायची, कधी येता? आणि तो म्हणायचा, "कसा येऊ? तुझ्याच मासोळ्यांनी पाहुणे वाढवले. मालक सोडत न्हाई." मग ती अजून जीव लावून बांधायची. जितकी सुबक मासोळी, तितका धनी लांब.

सुमनबाईंनी डब्याच्या झाकणावरून हात फिरवला आणि जात्यावरच्या सुरात म्हणाल्या,

"समिंदराच्या पाण्या, माझा बाळ सांभाळावा
मासा लागता गळाला, त्याला घराकडं धाडावा."

सत्यमनं एक मासोळी तळहातावर घेतली.

"वैनी, ही जर शालूची? खाऱ्या पाण्यात काळी न्हाई पडत?"

"न्हाई म्हणतेत. वर्ष वर्ष वापरतेत म्हणे. तुमी बघितलीच असंल की बोटीवर."

"मी कुठं? आमी तर दोघं बी दिवसभर गोदामा..." सत्यम थांबला.

"काय म्हणला रे?" सुमनबाईंनी विचारलं.

"काय न्हाई, मावशी. च्या लई गोड झालाय."

त्यानं मान खाली घालूनच कप संपवला. डबा पिशवीत टाकला आणि गाडीला वेळ असूनही उठला.

एक मासोळी रेणुकानं मागं ठेवली होती. सासू शेजारी गेल्यावर तिनं वाटीत पाणी घेतलं, मीठ विरघळवलं. समुद्र किती खारट असतो हे कुणाला विचारावं? तिनं अजून एक मूठ टाकली, चाखून बघितलं, तोंड कडू झालं. मासोळी आत सोडून वाटी तांदळाच्या कोठीमागं सरकवली. मग बरेच दिवस तिकडं गेलीच नाही. कोठीतले तांदूळसुद्धा सासूलाच काढायला लावले.

शेवटी बघितलं तेव्हा केस तसेच पांढरे होते. टिकली तशीच टक लावून होती. तार मात्र तव्याच्या बुडासारखी काळी पडली होती. रेणुकानं पदरानं पुसली. काळं पदराला आलं, तार उजळली नाही.

त्याच संध्याकाळी फोन आला.

"रेणू, डबा मिळाला बरं का. आजच टाकली एक. पाण्यात अशी चमकली! सुरमई लागली, हाताएवढी."

"आजच?"

"हाव."

"आन् मागल्या वर्षीच्या?"

"हायत की. जशाच्या तशा. काल पदर उसवल्यावानी."

रेणुका तळहातावरच्या काळ्या मासोळीकडं बघत राहिली. पलीकडं कुणीतरी हिंदीत खोकी मोजत होतं. या वेळी तिनं कधी येता विचारलं नाही, विनोदच म्हणाला,

"यंदा बी मालक सोडत न्हाई बघ."

"बरं," ती म्हणाली.

फोन ठेवला तेव्हा सुमनबाई उंबऱ्यात होत्या. निवडायचं सूप मांडीवर तसंच.

"काय म्हणून राहिलं माझं लेकरू?"

रेणुकानं मूठ पदराखाली घेतली.

"सुरमई लागली म्हणे. हाताएवढी."

"तुझ्याच मासोळीवर?"

"हाव, आत्याबाई. माझ्याच."

"मग येतो कधी?"

रेणुकानं खिडकीतली पकड सैल केली, नवा गळ लावला, दोरा ओढून बघितला.

"सध्या लई मासे लागून राहिलेत," ती म्हणाली. "जरा ओसरले की येतेत. दिवाळीला येतो म्हणलेत."

सुमनबाईंचा चेहरा उजळला. तोंड किंचित उघडं ठेवून त्या पुढचं ऐकायला जवळ सरकल्या.