माझ्या तोंडावर बांधलेली टोपी

मित्रांनो, जरा मान वर करा. अजून वर. पॅसेजच्या छताला चिकटलेली, पांढऱ्याची पिवळी झालेली बशी दिसते ना, तो मी. एक जुना स्मोक अलार्म. दहा वर्षांत ज्यांनी ज्यांनी माझ्याकडे मान वर करून पाहिले, त्यांनी बहुतेक वेळा शिव्या देण्यासाठीच पाहिले. तेव्हा आज निदान माझे म्हणणे शेवटपर्यंत ऐका.

मी कारखान्यात तयार झालो तेव्हा मला एकच गोष्ट शिकवण्यात आली. धूर आला की ओरडायचे. धूर कुणाचा, कशाचा, कुठून आला, याची चौकशी माझ्याकडे नाही. हे एवढे सोपे काम लोकांना का कळत नाही, हे मला आजपर्यंत उमगलेले नाही.

सिडनीच्या स्कोफिल्ड्समध्ये तेव्हा नवी घरे भराभर उभी राहत होती. त्यांतल्याच एका बैठ्या घरात मला बसवले. माझ्या एका बाजूला स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला पॅसेज आणि त्याच्या टोकाला झोपायची खोली. घरात इंजिनिअर प्रज्ञेश, वेस्टमीडच्या हॉस्पिटलात नर्स असलेली त्याची बायको करुणा आणि दोन वर्षांची प्रतीक्षा राहायला आली. भली माणसे. सकाळी टोस्ट, रात्री डाळभात, फोडणी देताना पंखा चालू आणि खिडकी उघडी. वर्षातून एकदा प्रज्ञेश शिडीवर चढून माझी बॅटरी बदलायचा. पहिली चार वर्षे मी अगदी सुखात होतो.

मग २०१९च्या डिसेंबरात सुट्टीसाठी नागपूरहून पाहुणे आले. प्रज्ञेशचे आईवडील. वडील दादाराव, निवृत्त शाळामास्तर. आई शांता. मुक्काम तीन महिने. डिसेंबर म्हणजे इथला उन्हाळा. त्या वर्षी जंगले पेटली होती आणि सिडनीभर धूर पसरला होता. पाहुण्यांनी बॅगा आत घ्यायला दार उघडले, धूर आत आला आणि मी माझे काम केले.

"माय वं!" शांता दारातच थबकली. "हा काऊन ओरडून राहिला?"

"स्वागत करून राहिला असेल," दादाराव म्हणाले.

ती आमची पहिली भेट. दुसऱ्या दिवशी सकाळी शांताने लाल मिरचीची फोडणी दिली, तीही पंखा न लावता. पंख्याच्या आवाजात तेल तडतडलेले ऐकू येत नाही म्हणे! मी ओरडलो. ती खाली उभी राहून टॉवेल हलवू लागली. मी आणखी ओरडलो. मग वांगे भाजले, मी ओरडलो. ठेचा केला, मी ओरडलो. बुद्धवंदनेला एकदम पाच अगरबत्त्या लावल्या, तेव्हाही मी नाइलाजाने ओरडलो. माझ्या नाकी नऊ आले होते आणि तिचे कान किटले होते. ती मला 'मेला भोंगा' म्हणायची.

"आजी, इट्स जस्ट डूइंग इट्स जॉब," प्रतीक्षाने तिला समजावले. त्या घरात माझी बाजू घेणारी ती एकटीच.

"मंग त्याला सांग, जॉब जरा हळू कर म्हणा."

हळू! मला हळू ओरडता येत नाही, मित्रांनो. माझ्यात तसे बटणच नाही.

मी दिवस मोजत होतो. परतीचे तिकीट पंचवीस मार्चचे होते. बॅगा भरून झाल्या होत्या. आणि त्याच आठवड्यात विमाने बंद झाली. कोरोनाने साऱ्या जगाला कुलूप लावले आणि पाहुणे माझ्या खाली अडकले. त्यातच प्रज्ञेश कामासाठी शेजारच्या क्वीन्सलँड राज्यात टूवूंबाला गेलेला, तो राज्याची सीमा बंद झाल्यामुळे तिकडेच राहिला. जुलैत आठ दिवस येऊन गेला, ऑगस्टमध्ये सीमा पुन्हा बंद. म्हणजे घरात उरले कोण? सासू, सासरे, सून, नात आणि मी.

करुणाला तेव्हा रात्रपाळ्या लागल्या होत्या. रात्रभर मास्क आणि गाऊन घालून उभी राहायची, सकाळी घरी यायची, आंघोळ करायची, कानात बोळे आणि डोळ्यांवर पट्टी लावून झोपायची. आणि अकरा वाजता शांता फोडणी द्यायची. हिवाळा होता, खिडक्या बंद. मी ओरडायचो. करुणा दचकून उठायची आणि पॅसेजमध्ये येऊन भिंतीला टेकून उभी राहायची. एकदा तर ती तिथेच खाली बसून रडली.

"आई, दोनपर्यंत तरी झोपू द्या ना हो मला. रात्री तिथे चूक झाली तर माणूस जातं."

"तू रात्रभर राबून येते. उठल्यावर तुला शिळं वाढू का मी?" शांताच्याही डोळ्यांत पाणी आले. "माझ्याच्यानं दुसरं काय होते इथं? ना गाडी चालवता येत, ना कोणाशी बोलता येत."

मला दोघींचाही राग आला. पण खरे सांगायचे तर चूक दोघींचीही नव्हती. एकीला झोप हवी होती, दुसरीला तिला गरम जेवण वाढायचे होते, आणि मला गप्प बसता येत नव्हते.

यावर तोडगा काढला दादारावांनी. येताना सिंगापूरच्या हॉटेलात त्यांना आंघोळीची एक प्लास्टिकची टोपी फुकट मिळाली होती. फुकटची म्हणून ती त्यांनी जपून ठेवली होती. एका सकाळी ते खुर्चीवर चढले आणि त्यांनी ती टोपी माझ्या तोंडावर चढवली. वरून रबरबँडही लावला.

"झोपू दे पोरीला," ते मला प्रेमाने म्हणाले.

काय अपमान हा! मित्रांनो, मला त्या टोपीखाली ना वास येत होता ना धूर. खाली रोज फोडण्या होत होत्या आणि मी बुजगावण्यासारखा नुसता लटकत होतो. करुणा मात्र सलग तेरा दिवस रोज दोनपर्यंत झोपली. आपल्या भोंग्याला अक्कल आली, असेच तिला वाटले असेल. टोपी घातल्याचे तिला कुणी सांगितले नव्हते आणि थकलेल्या माणसाची मान वर जात नाही.

चौदाव्या दिवशी प्रतीक्षा शाळेत होती. दादाराव फिरायला गेले होते. करुणा झोपली होती. शांताने सुनेच्या आवडीच्या डाळवड्यांसाठी कढईत तेल ठेवले. तेवढ्यात टूवूंबाहून प्रज्ञेशचा व्हिडिओ कॉल आला. मागच्या अंगणात तिने मेथी लावली होती, ती दाखवायला ती फोन घेऊन बाहेर गेली. लेकाला पाहिल्यावर तेल कुणाच्या लक्षात राहते?

ती परत आली तेव्हा कढई पेटली होती. ज्वाळा पंख्याच्या जाळीपर्यंत गेल्या होत्या. काळा धूर माझ्या खालून पॅसेजमध्ये शिरत होता, करुणाच्या बंद दाराकडे. मला टोपीच्या धुरकट प्लास्टिकमधून फक्त लाल उजेड दिसत होता. मी गप्प होतो. आयुष्यात एकदाच ज्या कामासाठी माझी गरज होती, ते काम समोर होते आणि माझे तोंड बांधलेले होते.

"करुणा! करुणा वं!" शांता ओरडली. तिला खोकल्याची उबळ आली. पॅसेजमध्ये धुराने वाट उरली नव्हती, आणि तिच्या गुडघ्यांना तिथवर धावणे जमणारेही नव्हते. आत करुणाच्या कानांत बोळे होते.

मग शांताने वर पाहिले. माझ्याकडे. कोपऱ्यातली जळमटे काढायची लांब काठी घेऊन ती पुन्हा धुरात आली आणि तिने मला खालून ढोसायला सुरुवात केली.

"ओरड रे बाबा! ओरड! आता काऊन गप्प बसला?"

पहिल्या ढोशाने मी वाकडा झालो. दुसऱ्याने रबरबँड निसटला. तिसऱ्याने टोपी फाटली आणि सारा धूर एकदम माझ्यात शिरला. मित्रांनो, मी ओरडलो! नऊ महिन्यांचा आणि त्या तेरा दिवसांचा सगळा राग काढून ओरडलो. कानात बोळे घातलेल्या माणसाला माणसाची हाक ऐकू जात नाही, माझी जाते. मला बनवलेच आहे त्यासाठी.

करुणा धावत आली. तिने गॅस बंद केला, नागपूरहून आणलेली मोठी परात कढईवर उपडी सरकवली आणि सासूला दंडाला धरून बाहेर नेले. शेजाऱ्याच्या फोनवरून बंब आला, तोवर आग विझली होती. भिंत काळी पडली, पंखा गेला, माणसे वाचली. बंबवाल्याने जमिनीवरची फाटकी टोपी उचलली.

"हूज हॅट इज दिस, मेट?" त्याने नुकत्याच परतलेल्या दादारावांना विचारले.

"माझी," ते मराठीतच म्हणाले. "पोरीची झोप मोडू नये म्हणून घातली होती."

त्यांना कुणी एक शब्दही बोलले नाही. मी बोललो असतो, पण मला एकच शब्द येतो.

शांता अंगणात पायरीवर बसली होती. "तुझं घर जाळत होती मी," ती म्हणत होती.

"घराचं जाऊ द्या, आई. तुम्ही काठी घेऊन धुरात परत कशाला गेलात? सरळ बाहेर पळायचं ना!"

"तू आत होती ना," शांता म्हणाली.

उघड्या दारातून हे मला ऐकू आले. त्या दिवसापासून मी तिच्यावर रागावलो नाही, असे म्हणणार नाही. फोडण्या थांबल्या नाहीत आणि मीही थांबलो नाही. पण आता फोडणीआधी पंखा लागू लागला, खिडकी उघडू लागली आणि जेवण दोन वाजल्यानंतर होऊ लागले. दर रविवारी शांता त्याच काठीने माझे बटण दाबायची, माझी ओरड कानावर हात न ठेवता ऐकायची आणि म्हणायची, "खेकसते मेला. ठीक हाय."

नोव्हेंबरात विशेष विमानाने ते दोघे नागपूरला गेले. टॅक्सी दारात उभी असताना शांता परत आत आली आणि काठी घेऊन माझ्याखाली उभी राहिली. तो रविवार नव्हता, तरी तिने बटण दाबले.

तेव्हापासून दर रविवारी तिचा फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, "भोंगा दाबला का?" आता बारा वर्षांची झालेली प्रतीक्षा फोन माझ्याकडे धरते आणि काठीने बटण दाबते. माझी ओरड नागपुरात पोचली की मगच बाकीच्या गप्पा सुरू होतात.

माझ्या पाठीवर माझी मुदत छापलेली आहे. ती संपली. उद्या, शनिवारी, इलेक्ट्रिशियन येऊन मला काढणार आणि नवा बसवणार. तक्रार नाही, तसा नियमच आहे. माझे मागणे एवढेच की तुमच्या घरातल्या माझ्या भावंडांकडे आज एकदा मान वर करून पाहा. बटण दाबा. त्यांच्या तोंडावर काही बांधले असेल, मग ते कितीही मायेने बांधलेले असो, आधी काढा. आम्ही त्रास देतो, मान्य आहे. तो त्रास सहन करा.

आणि आणखी एक. परवा रविवारी फोनवर शांता म्हणेल, "तसाच खेकसते मेला." तो आवाज नव्याचा असेल. मित्रांनो, तेवढे मात्र तिला सांगू नका.