सलाइनचं चाक

बुरशी धाकट्याच्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोचली होती. एड्सने अंगातली ताकद आधीच खाल्लेली, त्यात ही भर. डोकं फुटेल असं ठणकायचं आणि एका सुईच्या दोन दिसायच्या. शिंप्याला याहून वाईट काय दिसणार?

औषध सलाइनमधून, अगदी सावकाश जायचं. उजेड लागू नये म्हणून बाटलीवर काळं कापड. औषध अंगात शिरलं की थंडी वाजायची, दात कडकडायचे, खाट हलायची. डॉक्टरबाईंनी आधीच बजावलं होतं, "हुडहुडी भरेल. पण औषध बंद करायचं नाही."

ताईने ते रोज बंद केलं.

दुकानात भाऊ-बहीण समोरासमोर शिवायला बसत. धाकट्याच्या मशीनमध्ये कापड अडकलं की ताई हात लांब करून त्याचं चाक तळव्याने धरी. इथेही तो कापू लागला की तिचं बोट नळीवरच्या छोट्या चाकाकडे जाई. थेंब थांबत, मग हुडहुडीही. देवाने तिला माया भरभरून दिली, लगाम द्यायचा तेवढा राहून गेला. पाळी बदलताना नर्स अर्धी उरलेली बाटली तशीच उतरवी.

"शीर आखडते हो त्याची," ताई तिला सांगे.

पाठीतलं पाणी पुन्हा तपासलं. डॉक्टरबाई खाटेशी आल्या.

"बुरशी हटत नाही. औषध लागू पडत नाहीसं दिसतंय. असंच राहिलं तर आधी नजर जाईल."

ताईने हात पदराखाली घेतला.

"लागू पडायला आधी अंगात जायला हवं ना," धाकटा डोळे मिटूनच म्हणाला. "आमच्या ताईसाहेब चाक धरतात. मीही गप्प बसलो, बाई. थांबलं की बरं वाटायचं."

"चोंबडा मेला," ताई पुटपुटली आणि रडू लागली.

डॉक्टरबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "उद्यापासून अख्खी बाटली. थंडीसाठी आधी इंजेक्शन देऊ. तरी थोडं कापरं भरणारच."

दुसऱ्या दिवशी ते भरलंच. ताई उठून पायथ्याशी गेली आणि तिने त्याची पावलं दोन्ही हातांनी घट्ट धरली. तिथून चाकापर्यंत हात पोचत नव्हता.

"ता... ताई, मशीन लई जोरात चाललंय गं."

"चालू दे," ती म्हणाली. "शिवण अजून बरीच बाकी आहे."