दोन बटणांचा डबा

माझ्या दुकानात हेडफोनसाठी अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला येणाऱ्या माणसाला मी आधी भिंतीकडे तोंड करून बसवतो. तिथे एक उंच स्टूल आहे. पाठीमागे माझं टेबल, टेबलावर लाकडी डबा आणि डब्याला दोन बटणं. गिऱ्हाइकाला सांगायचं, पहिलं बटण स्वस्तातल्या अ‍ॅम्पचं, दुसरं महागातल्याचं. डोळ्यांनी किंमत बघू नका, कानांनी ठरवा. माणसाला हे फार आवडतं. आपल्याला कान आहेत असं प्रत्येक गाढवाला वाटतं.

डब्यात अ‍ॅम्प एकच आहे. दुसरं बटण दाबलं की आवाज केसभर वाढतो, बाकी काही होत नाही. कानाला जरासा मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो, हे या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. गिऱ्हाईक मान डोलावतं, "दुसरा! दुसऱ्यात काय खोली आहे!" म्हणतं आणि महागातला घेऊन जातं. चौदा वर्षांत एकालाही संशय आला नव्हता. दुकानात रोज अड्डा टाकणारे दोघे जण, एक दातांचा डॉक्टर आणि एक निवृत्त गणिताचे मास्तर, मला कानसेन म्हणायचे. डब्याचं गुपित त्यांनाही ठाऊक नव्हतं. माहीत होतं फक्त माझ्या बायकोला, कारण बिलं ती करते आणि डबाही तिच्यासमोरच मी जोडला होता.

त्या दिवशी दुपारी एक बाई आल्या. साठीच्या आसपासच्या, बारीक, केस घट्ट बांधलेले, हातात कापडी पिशवी. मागोमाग त्यांचा साहेब, वयाने त्यांच्या मुलासारखा, खिशाला दोन पेनं. बाई न्यायालयाच्या कचेरीत साक्षी टाइप करायच्या. सुनावणीचं रेकॉर्डिंग कानाला लावायचं आणि शब्द न शब्द कागदावर उतरवायचा, एकतीस वर्षं हेच काम.

"हेडफोनला अ‍ॅम्प्लिफायर हवाय," त्या म्हणाल्या. "परवडेल असा. कचेरीने नवे हेडफोन दिलेत, पण डावीकडचा आवाज कमी येतो. जोर कमी पडत असेल."

"बिल कचेरी देणार," साहेब म्हणाला, "पण उपयोग झाला तरच. सहा महिन्यांपूर्वी नवी रेकॉर्डिंग यंत्रणा बसवली, तेव्हापासून बाईंना प्रत्येक कामाला दुप्पट वेळ लागतोय. चूक एक नसते, ते कबूल. पण वेळ बघा ना. आणि सोमवारी त्यांच्या कराराचं नूतनीकरण आहे."

"दोनच वर्षं राहिलीत माझी," बाई मला म्हणाल्या, साहेबाला नाही. त्यांना भीती वाटत होती आणि ती लपवायची त्यांना सवय नव्हती.

"बसा मावशी," मी म्हणालो. "आत्ता सोक्षमोक्ष लावू."

भिंतीकडे तोंड करून त्या बसल्या. मी नेहमीचं सांगितलं, पहिला स्वस्तातला, दुसरा तिप्पट किमतीचा. एक गाणं लावलं, पहिलं बटण, मग दुसरं. दातांच्या डॉक्टरने मास्तरांना कोपर मारलं, आता बघा गंमत म्हणून. बाईंनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"दोन्ही एकच आहेत," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या वेळी तुम्ही आवाज वाढवलात, एवढंच."

"छे हो मावशी, वेगळी मशिनं आहेत."

"एकच आहे. 'दुसरा तिप्पट किमतीचा' म्हणायच्या आधी तुम्ही श्वास घेतलात. छोटासा, वरच्यावर. साक्षीदार खोटं बोलायच्या आधी तसाच घेतो. एकतीस वर्षं तोच ऐकतेय मी." त्या हे टोमणा म्हणून बोलल्या नाहीत. टाइप केल्यासारखं सरळ बोलल्या.

मास्तर आधी हसले. मग डॉक्टर हसला, टेबलावर थापा मारून. "कानसेन! अहो कानसेन! मागच्या वर्षी मला विकलात तो कुठल्या बटणाचा?" साहेबही हसला. बिलाच्या टेबलामागे माझी बायको खाली मान घालून हसली, आणि ते मला सगळ्यात जास्त झोंबलं. माझे कान तापले. एका टंकलेखिकेने माझ्याच दुकानात, माझ्याच स्टुलावर बसून माझी लाज काढली होती. मला तिचा राग आला, खरा राग.

"बरं," मी म्हणालो. "तुमचं रेकॉर्डिंग आणलंय का? त्यावरच बघू."

त्यांनी पिशवीतून पेनड्राइव्ह काढून दिला. मी आधी स्वतः ऐकला आणि अर्ध्या मिनिटात मला सगळं कळलं. नव्या यंत्रणेत वकिलाचा माइक डाव्या कानात येत होता आणि साक्षीदाराचा उजव्या कानात. जुन्या यंत्रणेत सगळे आवाज दोन्ही कानांत मिळून यायचे. बाईंचा हेडफोन तपासला. डावी बाजू ठणठणीत होती. म्हणजे बिघाड हेडफोनमध्ये नव्हता, बाईंच्या डाव्या कानात होता. त्या कानाला काहीच ऐकू येत नव्हतं, आणि कोणताही अ‍ॅम्प तो कान परत आणणार नव्हता.

पण माझ्या डाव्या हाताला, खालच्या फळीवर, दुकानातला सगळ्यात स्वस्त अ‍ॅम्प होता. पत्र्याचा काळा डबा, साबणाच्या पेटीएवढा. कोणी विचारत नाही म्हणून धूळ बसलेला. त्याच्या मागच्या बाजूला एक छोटं बटण आहे. ते दाबलं की दोन्ही बाजूंचे आवाज एकत्र होतात आणि दोन्ही कानांत सारखेच येतात. बाईंना उजव्या कानात वकीलही आला असता आणि साक्षीदारही. वेळ पुन्हा पहिल्यासारखा झाला असता. बहिऱ्या कानाचं कुणालाही कळलं नसतं, दोन वर्षं निघून गेली असती.

माझा हात त्या फळीकडे गेला होता, हे मी खोटं सांगत नाही. डब्याला बोटं लागलीही होती. तेवढ्यात मागून डॉक्टर म्हणाला, "श्वास घेऊ नका हं कानसेन!" आणि पुन्हा खिदळले सगळे. मी हात मागे घेतला.

"साहेब, इकडे या," मी म्हणालो. "मावशी, तुम्ही तशाच बसा. हेडफोन लावा. मी डावीकडचा जोर वाढवतो, फरक पडला की सांगा."

त्या हेडफोनला दोन्ही कानांच्या वेगळ्या वायरी होत्या, टेबलावर माझ्या जोडणीत खोचलेल्या. रेकॉर्डिंग सुरू केलं आणि डावी वायर उपटली. उपटून हातात धरली, साहेबाच्या नाकासमोर.

"आता डावीकडे येतंय का?" मी मोठ्याने विचारलं.

बाईंनी उजव्या कानावरचा कप जरा उचलून प्रश्न ऐकला. मग कप पुन्हा बसवला, भिंतीकडे बघत राहिल्या. सोमवार त्यांच्या डोळ्यांसमोर असणार. त्यांनी श्वास घेतला. छोटासा, वरच्यावर. मी ऐकला.

"हो," त्या म्हणाल्या. "आता छान येतंय. हाच द्या."

कोणी हसलं नाही. मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मीच म्हणालो, "वळा मावशी." त्या वळल्या आणि माझ्या हातात लोंबणारी वायर बघितली. वायर कुठून आली हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. मी तो वेळ दिला, घाई केली नाही. एवढं समाधान मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

"अच्छा," साहेब म्हणाला. "म्हणून तुम्ही हेडफोन उलटा घालून बसायचात. कचेरीतल्या पोरी सांगायच्या, मला वाटलं त्यांनाच काहीतरी दिसतंय. प्रत्येक रेकॉर्डिंग दोनदा ऐकत होतात तुम्ही. एकदा प्रश्नांसाठी, एकदा उत्तरांसाठी."

"चूक एकही नाही केली," बाई म्हणाल्या.

"नाही केलीत. पण हे आधी सांगायला हवं होतं, बाई." त्याने खिशातलं एक पेन काढलं, पण लिहायला कागद नव्हता म्हणून पुन्हा ठेवलं.

बाईंनी हेडफोनची वायर नीट गुंडाळली, रबर लावलं, पिशवीत ठेवला. पेनड्राइव्ह त्या विसरल्या, तो मीच उचलून दिला. त्यांनी आभार मानले. दारातून जाताना साहेब पुढे होता आणि त्या त्याच्या डाव्या बाजूने चालायला गेल्या, म्हणजे तो बोलला तर उजव्या कानाला ऐकू यावं. मग त्यांच्या लक्षात आलं असावं की आता त्याची गरज नाही. त्या मागे राहिल्या.

अड्डा त्या दिवशी लवकर उठला. बायकोने गल्ला बंद केला आणि विचारलं, "तो काळा डबा का नाही दाखवलास? हात गेला होता तुझा."

"लक्षात नाही आलं."

"बरं," ती म्हणाली, आणि शटर ओढायला बाहेर गेली.

महिन्याभराने साहेबाने मोठी ऑर्डर दिली, सगळ्या पोरींसाठी अ‍ॅम्प, महागातले. मी पोचवायला गेलो तेव्हा खिडकीजवळ बाईंच्या खुर्चीत नवी मुलगी होती. तिने बाईंचा हेडफोन मला बदलून द्यायला सांगितला, कारण त्याच्या दोन्ही बाजूंचा फोम फाटला होता. उलटसुलट घालून घालून दोन्ही सारखेच झिजले होते. मी बदलून दिला.

त्यानंतर अंदाजे दोन महिन्यांनी बाई आल्या. एकट्याच. दुकानात मी आणि बायको दोघंच होतो. केस तसेच घट्ट, पिशवी तीच. म्हणाल्या, कानाच्या डॉक्टरकडे गेले होते. कानाचं काही होण्यासारखं नाही, पण त्याने सांगितलं की काही अ‍ॅम्प्लिफायरना एक बटण असतं, दोन्ही बाजू एकत्र करणारं. तसा एखादा असतो का हो?

त्यांची नजर खालच्या फळीवरून फिरत होती. लपवण्यात अर्थ नव्हता. मी काळा डबा काढला, फडक्याने पुसला आणि समोर ठेवला. त्यांनी तो उलटा केला, मागचं बटण शोधलं, दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

"हा त्या दिवशी होता दुकानात?"

बायकोचं पेन थांबलं.

"नाही मावशी," मी म्हणालो. "गेल्याच आठवड्यात आला."

त्यांनी मान किंचित वळवून उजवा कान माझ्याकडे केला होता. आता चेहरा सरळ केला.

"श्वास घेतलात," त्या म्हणाल्या. पहिल्या वेळी म्हणाल्या होत्या तशाच, टाइप केल्यासारखं. मला काहीतरी बोलायचं होतं, पण तोंड उघडायचं तर आधी श्वास घ्यावा लागला असता.

मग त्यांनी किंमत विचारली. ती बायकोने सांगितली.

बाई डब्याकडे बघत राहिल्या. त्यांचा अंगठा अजून त्या बटणावर होता.

"एवढीच?" त्या म्हणाल्या.