एका श्वासात मावेल एवढं

माझ्या मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो. दुसरीत आहे. बोलते तशीच लिहिते, म्हणजे थांबतच नाही. ‘आम्ही बागेत गेलो आणि मग कुत्रा आला आणि मग मी पळाले आणि मग चप्पल तुटली आणि मग...’ पान संपतं, वाक्य संपत नाही.

वर्गशिक्षिकांनी मला बोलावून घेतलं. “मारुतीचं शेपूट आहे नुसतं! कोण पळालं, काय तुटलं, काही पत्ता लागत नाही. लेखनाची फेरपरीक्षा घेतेय. त्यातही असंच लिहिलं, तर पुन्हा दुसरीतच बसवावं लागेल.”

मैत्रिणी पुढे जाणार आणि ही मागे राहणार. हिला साधं ‘ए ढब्बू’ म्हटलं तरी दिवसभर जेवत नाही.

मग मीच युक्ती काढली. “वाक्य आधी मोठ्यानं म्हणून बघायचं. एका श्वासात मावलं पाहिजे. श्वास संपला की पूर्णविराम. कळलं?”

तिनं गंभीरपणे मान हलवली.

आठवड्याभरात वाक्यं आखूड झाली. ‘मी बागेत गेले. कुत्रा आला. मी पळाले.’ मी हुरळूनच गेले. फक्त लिहिताना तिच्या कानाच्या पाळ्या लालबुंद व्हायच्या. मी थर्मामीटर लावून पाहिला. ताप नव्हता. माझी धाकटी नणंद शिवणयंत्रावरून मान वर करून म्हणायची, “वहिनी, पोरीला श्वास तरी घेऊ दे की! परीक्षा तिची आहे का तुझी?”

मी हसण्यावारी नेलं.

फेरपरीक्षेला वर्गात ती एकटीच. बाईंनी मला व्हरांड्यात थांबवलं. “मधे आत यायचं नाही हं. आलात तर पेपर बाद.” मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, “आणि तू, तोंडानं पुटपुटायचं नाही. गुपचूप लिहायचं.”

दाराला काचेची चौकट होती. बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण नाक काचेला टेकलंच.

ती लिहीत होती. ओठ घट्ट मिटलेले, गाल फुगलेले, खांदे वर चढलेले. अक्षर तिचं गोल गोल, सावकाश काढलेलं. पूर्णविराम दिला आणि तिनं भसकन तोंड उघडलं, पाण्यातून डोकं वर काढल्यासारखं. मग छाती भरून घेतली, ओठ मिटले, पुढचं वाक्य.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी वाक्य एका श्वासात म्हणायला सांगितलं होतं. ही लिहिताना श्वास कोंडून धरत होती. घरीसुद्धा. म्हणून ते लाल कान.

आताचं वाक्य लांबलं. तिनं काहीतरी खोडलं, पुन्हा लिहायला घेतलं, पण ओठ उघडले नाहीत. कानांचा रंग उतरला. ओठांभोवती पांढरं दिसायला लागलं. बाई पाठमोऱ्या, फळा पुसत होत्या. संपव गं बाई, दे तो पूर्णविराम, मी काचेवर पुटपुटले. पेपर बाद झाला तर वर्ष जाईल. एवढंच वाक्य, मग घेईलच ना श्वास?

पेन्सिल घरंगळली, तिचे डोळे मिटले.

मी दार ढकललं. “भिंगरे, श्वास घे! आत्ता!”

“अहो, हे काय? पेपर बाद होईल!” बाई ओरडल्या.

“होऊ दे!”

तिला पोटाशी धरलं. अंग गार, घामेजलेलं. एक क्षण काहीच नाही. मग मोठ्ठा, करकरता श्वास आला. तिनं डोळे उघडले आणि रडवेली होऊन म्हणाली, “आई, वाक्य अर्धंच राहिलं. तू कशाला आलीस?”

बाईंनी धावत पाणी आणलं. पेपर मात्र बाद तो बादच. नियम म्हणजे नियम, असं त्या खाली बघून म्हणाल्या.

घरी आल्यावर ती आत्याच्या मांडीवर चढली. “आत्या, मी लिहीत होते आणि मग आई आली आणि मग बाई ओरडल्या आणि मग पाणी प्यायले आणि मग...”

मी पूर्णविराम शोधत नव्हते. तिच्या फ्रॉकखालची छाती वर-खाली होतेय ना, तेवढंच बघत होते. अजून बघते. ती लिहायला बसली की जास्तच.