सन २०२४ ची पाटी

मी दारावरची पाटी बोलतेय. दार जपानातलं, मी जानेफळची. आमच्याकडे घर बांधलं की वर नाव आणि खाली सन कोरतात. लोक नावावरून नुसती नजर फिरवतात, वाचतात तो सन. माणसाच्या वयाला मान आणि घराच्या वयाला लाज, असा आमच्या गावचा न्याय.

सहदेवराव इंगळ्यांचा मुलगा प्रसेनजित योकोहामात नोकरीला आहे. त्यानं तिथं फ्लॅट घेतला, तो अडतीस वर्षांच्या इमारतीत. फोनवर बापाला त्यानं नीट समजावलं. भूकंपाचे नियम कडक झाले त्यानंतरची ही इमारत, नळ सगळे बदललेले, दुरुस्तीच्या नोंदी त्यानं स्वतः वाचलेल्या. सहदेवरावांनी त्यातलं एवढंच ऐकलं, अडतीस.

पारावर किसनरावांनी विचारलंच. "इतक्या दूर जाऊन जुनंच घेतलं काऊन बे? जुनं तं इथं बी भेटलं असतं."

"नवीन हाय," सहदेवराव म्हणाले. एकदा म्हणाले म्हणजे झालं. आता घराला नवं होणं भाग होतं, म्हणून दारासाठी यंदाचा सन कोरलेली पाटी करायचं ठरलं.

प्रसेनजितचं मागणं एकच होतं, पाटीवर मायचं नाव पाहिजे. तानाबाईंचं नाव आजवर कुठल्याच दारावर चढलं नव्हतं. सासऱ्याच्या घरावर सासऱ्याचं, नवऱ्याच्या घरावर नवऱ्याचं. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मोठ्या अक्षरात टाकजा. मले वाचता येते."

सहदेवराव कडूबा सुताराकडे गेले. लाकूड निवडताना म्हणाले, "नवं नको देऊ. जुनं सागवान वाकत नाही." कडूबानं सत्तर वर्षांपूर्वीचं एक मोडकं दार कापलं आणि त्यातून मला काढलं. म्हणजे त्या इमारतीहून मीच म्हातारी. पण लाकूड जुनं असलं की अस्सल, आणि घर जुनं असलं की अब्रू जाते.

"तीन ओळी बसत नाहीत," कडूबा म्हणाला. "बाईचं नाव काढू का सन?"

"सन राहू दे."

'प्रसेनजित सहदेव इंगळे, सन २०२४.' मला कागदात घट्ट गुंडाळून सहदेवरावांनी स्वतः चिकटपट्टी लावली. एरवी ते स्वतःची पिशवीसुद्धा भरत नाहीत.

दोघं नवराबायको योकोहामाला पोचले. दारातच माझा कागद फाडला गेला. प्रसेनजित म्हणाला, "बाबा, इथं बाहेरून काही लावता येत नाही. दाराची बाहेरची बाजू साऱ्या इमारतीची. आतली तेवढी आपली."

"घर आपलं अन् दार लोकायचं? हा कोनता व्यवहार?"

मग सहदेवरावांनी मला दारावर नुसतं धरलं आणि मुलाला फोटो काढायला लावला. धरणारी बोटं दिसू नयेत म्हणून तीनदा काढायला लावला.

तानाबाई मागेच उभ्या होत्या. पुढे आल्या आणि माझ्यावरून बोट फिरवत शेवटच्या आकड्यापर्यंत गेल्या.

"माहं नाव कुठं हाय?"

"जागा नव्हती," सहदेवराव म्हणाले.

"अन् सनाले होती?"

गावात पारावर कुणाला बोलू न देणारा माणूस बुटाची नाडी सोडण्यात फार वेळ गुंतला.

प्रसेनजितनं मला पालथं केलं आणि आईच्या हातात मार्कर दिला. चार अक्षरं लिहीपर्यंत सगळ्यांचा चहा निवला. शेवटच्या 'ई'ला जागा कमी पडली, तो काठावरून खाली उतरला. दार लोखंडी, म्हणून माझ्या कोरलेल्या तोंडाला चुंबक चिकटवले आणि मला दाराच्या आतल्या बाजूला लावलं.

दोघं परत गेलेत. जानेफळात माझा फोटो अजून फिरतो आणि घर अजून नवंच आहे. इथं सन २०२४ दाराला तोंड टेकून गप्प आहे. तानाबाई फोनवर आधी लेकाची चौकशी करत नाहीत, विचारतात, "हाय ना लावलेली?"

कधी इकडे आलात तर घर बघा, त्याचं वय विचारा. प्रसेनजित खरं सांगेल. मला मात्र सुलटी करू नका.