कोमट पेला

पेला कोमट लागला. काचेचा, नळाच्या पाण्याने अर्धा भरलेला, रांगेतला शेवटचा... फिरदोसचा. सयाजी गुरुजींनी तो उजेडाकडे धरला होता, पोरांना दाखवायला, की बघा, विरघळलेली वस्तू दिसत नाही म्हणून ती नाहीशी झालेली नसते — आणि वाक्य तिथेच अडकलं. गोळी विरघळताना पाणी तापत नाही. साखरेनेही नाही. बाकीचे पेले तर गारच होते.

मग हा?

"गुरुजी, हिनं पुडी भरून आनली. आमी आपली एकेक लिमलेटची गोळी," सोमलिंग कुरकुरला. "हिचंच लई गोड हुनार की."

"जळतंय बगा येडं," फिरदोस म्हणाली.

पेल्यावरून ओघळलेला थेंब गुरुजींच्या बोटांवर होता. त्यांनी बोटं एकमेकांवर घासली... बुळबुळीत. साबणासारखी.

"कुठून आणलंस हे, बाळ?"

"अब्बाच्या डब्यातनं. चॉकलेटचा डबा हाय, वर माळ्यावर ठिवतेत."

अब्बा — अक्कलकोट रोडच्या कारखान्यात टॉवेलचं सूत रंगवणारे. कॉस्टिक सोडा, घशापासून आतडी जाळणारा. पांढऱ्या पापड्या, अगदी खडीसाखरेच्या चुऱ्यासारख्या... आणि प्रयोग संपला की पाणी पिऊन टाकायचं, ही रीत कुणाची? आधीच्या, जेऊरच्या शाळेपासून त्यांचीच. चाखलं नाही ते शिकलं नाही, असं म्हणायचे ते, आणि त्या घोटासाठी पोरं तासभर गप्प बसायची. आज 'प्या' म्हटलं होतं का? शब्द ओठांवर आला होता, की बाहेर पडला होता? आठवेना. फिरदोसचे ओठ ओले होते — की नुसते चमकत होते?

"तोंड उघड. प्यायलीस?"

"न्हाय. तुमी कुटं म्हनलात?"

तिची जीभ नेहमीसारखी होती. तरी त्यांनी तिला ओढतच नळापाशी नेलं, पेला मोरीत ओतला, नळाखाली तिचे हात धरले, स्वतःचेही धरले. पाणी वाहत राहिलं. तिच्या अब्बांना सांगायला हवं, तो डबा... पण आधी हा बुळबुळीतपणा जाऊ दे.

"गुरुजी, अजून किती येळ धुनार?" तिने विचारलं, आणि मग त्यांचीच समजूत घातल्यासारखं म्हणाली, "तुमी म्हनला असता तर पिले असते की मी."

याच गोष्टीचा केवढा अभिमान होता त्यांना... आपली पोरं डोळे मिटून पितात.

नळ बंद करायचा होता. पण मागे वळायचं धाडस होईना — मागे व्हरांड्यात पोरं पेले हातात धरून बसली होती, गुरुजींच्या 'प्या' या एका शब्दाची वाट बघत.