चार बोटांनी कमी भरलेली खोली

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे. गाणी ऐकायचा नव्हे, मोजायचा. एक पिवळी पोलादी पट्टी, तिला पोटात गुंडाळून ठेवणारी पत्र्याची डबी आणि टोकाला अडकवायचा छोटासा वाकडा आकडा, एवढाच माझा संसार. पट्टी ओढली की सरसर बाहेर येते आणि सोडली की सर्रकन आत जाते. जायची, असे म्हणायला हवे. हल्ली तिला वाटेत दम लागतो.

माझा जन्म इंग्लंडमधल्या शेफील्डच्या एका कारखान्यात झाला. माझ्या टोकाचा आकडा जरासा हलतो, आणि तो हलायलाच हवा. भिंतीला टेकवला की तो आत सरकतो, फळीला अडकवून ओढला की बाहेर सरकतो. त्यामुळे त्याची स्वतःची जाडी मापात येत नाही. हे ज्यांना ठाऊक नसते ते मला खिळखिळा म्हणतात आणि हातोडी शोधू लागतात. अशा शहाण्यांपासून मी आजवर वाचलो, हे माझे नशीब.

मला विकत घेतले ग्लेनिस सग्डनबाईंनी. समुद्रकाठच्या आमच्या छोट्या शहराच्या कौन्सिलात, म्हणजे नगरपालिकेत, त्या घरांची तपासणी करत. एके काळी इथे उन्हाळ्यात पाहुण्यांची रीघ लागायची आणि एकेका रस्त्यावर खाणावळीसकट राहायची घरे होती. पुढे लोक विमानाने उन्हाच्या देशांत जाऊ लागले. मग त्या घरांचे मालक खोलीगणिक भाडेकरू ठेवू लागले. प्रत्येक खोलीत वेगळा माणूस, सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर, आणि फ्रिजमधले दूध कोणी संपवले यावरून रोजची धुसफूस.

अशी घरे वाढली तेव्हा कौन्सिलने नियम केला. घर खोल्याखोल्यांनी भाड्याने द्यायचे असेल तर आधी परवाना घ्या. परवाना हवा असेल तर धुराची घंटा वाजते का, दारे आग अडवतील का, हे दाखवा. शिवाय प्रत्येक खोली माणसाने राहण्याइतकी मोठी हवी. शेवटचे काम माझे.

लोक या नियमाच्या नावाने बोटे मोडत. मीही मोडली असती, पण मी बंदराजवळचे ते घर पाहिले आहे. तिथे जिन्याखालच्या अडगळीत दोन भाऊ पाळीपाळीने झोपत. एक दिवसपाळीला गेला की त्याच्या गादीवर रात्रपाळीचा येऊन पडे. माझी पट्टी तिथे पुरती उघडलीसुद्धा नाही. बाहेर येऊन सग्डनबाई गाडीत बसल्या आणि मला मांडीवर ठेवून तिथेच त्यांनी अहवाल लिहून काढला. पुढे त्या भावांना खिडकी असलेली खोली मिळाली. थोरल्याने बाईंचा हात हातात घेतला आणि मग माझ्याकडे पाहून मान हलवली. एवढे कौतुक मला पुन्हा कोणी केले नाही.

आणि मग क्लिफ टेरेस नावाच्या रस्त्यावरचे ते घर आले.

घराचा मालक कॉलिन रॅग. मावशीकडून त्याला हे घर मिळाले होते. माणूस वाईट नव्हता. नळ गळतो म्हटले तर त्याच आठवड्यात पाना घेऊन हजर व्हायचा. फक्त कौन्सिलचा जन्म आपल्याला छळण्यासाठीच झाला आहे, अशी त्याची पक्की समजूत होती. सगळ्यात वरच्या मजल्यावर विल्फ टॉर्डॉफ राहत. त्यांनी जन्मभर मासेमारीच्या बोटींवर स्वयंपाक केला होता. त्यांची खोली अरुंद होती, पण खिडकीतून दोन धुराड्यांच्या मधून समुद्राची एक चीर दिसे, आणि तेवढ्यावर म्हातारा खूश होता. आम्ही आत शिरताच त्यांनी काही न विचारता चहाची किटली चढवली.

सग्डनबाईंनी खोली मोजली. मग पुन्हा मोजली. एका माणसाला जेवढी जागा हवी असे ठरले होते, तेवढी ती भरत नव्हती. चार बोटे रुंदी आणखी असती तर भरली असती.

"चारच बोटं, मिसेस सग्डन," कॉलिन म्हणाला. "पट्टी जरा सैल धरा. मधे झोळ पडू द्या, मापात बसेल की."

त्याचे म्हणणे खरे होते. माझ्या पट्टीला झोळ पडला की माप जास्त दिसते. पण बाईंनी मला आणखी ताणले.

"इथे झोळ पडू दिला, तर उद्या जिन्याखालीही पाडावा लागेल, कॉलिन."

"बोटीवर मी याच्या निम्म्या जागेत झोपायचो, बाई," विल्फ चहा ओतता ओतता म्हणाले.

"बोट किनाऱ्याला लागली की उतरता यायचं ना, मिस्टर टॉर्डॉफ."

त्यावर म्हातारा हसला, पण हसता हसता त्याने खिडकीतल्या समुद्राकडे एकदा पाहून घेतले. ते मी पाहिले.

मग शेजारची खोली. तिथे बोझेना राहत होती. ती पोलंडहून आलेली, वृद्धाश्रमात लोकांची सेवा करणारी बाई. तिची खोली ऐसपैस होती. कोपऱ्यात भिंतीतले एक कपाट होते. दार तिच्या बाजूला, पण पोट सगळे विल्फच्या खोलीत घुसलेले. सग्डनबाईंनी ते उघडले. आत तीन कोट लटकत होते आणि खाली एक बुटके स्टूल, एक उशी आणि फोनची वायर होती. बोझेना लाजली. बाईंनी हळूच दार लावून घेतले. भाडेकरूचे कपाट मागायचा अधिकार त्यांना नव्हता, आणि त्यांनी तो विषयही काढला नाही.

कॉलिनला उन्हाळ्यापर्यंत मुदत मिळाली. खोली वाढवा नाही तर रिकामी करा. विल्फना कौन्सिल दुसरी जागा देणार होते. लिफ्टची नवी इमारत होती, गरम पाणी होते, सगळे काही होते. फक्त ती समुद्रापासून बसने तासाभराच्या अंतरावर होती आणि तिथे त्यांच्या ओळखीचे कोणी नव्हते. हे सांगताना सग्डनबाईंचा चेहरा इतका उतरला होता, की त्या मला खिडकीतच विसरून गेल्या.

असा मी विल्फच्या घरी राहायला आलो.

बाई गेल्यावर म्हाताऱ्याने मला उचलले आणि गुडघ्यांवर बसून खोली पुन्हा मोजली. पहिल्यांदा ताठ धरून मोजली. दुसऱ्यांदा त्याने पट्टीला झोळ पडू दिला. खोली मापात बसली. त्याने त्या मापावर बोट ठेवले, आणि मग स्वतःशीच ओशाळून त्याने मला ताणून धरले. मित्रांनो, खरे माप सांगण्याचा मला फार तोरा आहे. पण त्या क्षणी माझ्या पट्टीवरच्या रेघा पुसून जाव्यात असे मला वाटले.

रविवारी दुपारी एक नवल झाले. विल्फच्या रेडिओवर फुटबॉलचा सामना रंगात आला होता. तेवढ्यात त्यांनी तो बंद केला, बूट काढले आणि पलंगावर हाताची घडी घालून अगदी स्तब्ध बसले. थोड्याच वेळात भिंतीच्या पोटातून बोझेनाचा आवाज आला. ती कपाटात बसून तिकडे गावी आपल्या आईशी फोनवर पोलिश भाषेत बोलत होती. आईला आता विसर पडू लागला होता बहुधा, कारण बोझेना तेच तेच शब्द पुन्हापुन्हा, सावकाश म्हणत होती. फोन ठेवल्यावर ती रडली. दिवसरात्र दुसऱ्यांच्या आयांना न्हाऊ-माखू घालणारी ही बाई स्वतःच्या आईसाठी कपाटात बसून रडत होती. विल्फ हललेसुद्धा नाहीत. तिने कपाटाचे दार लावल्यावरच त्यांनी बूट घातले.

पुढच्या रविवारीही तेच झाले असते. पण तिने त्या दिवशी फोन लवकर लावला, आणि विल्फ बेसावध होते. ते सामान भरत होते. ड्रॉवर जुना, तो ओढताना करकरला. भिंतीपलीकडचा आवाज अर्ध्या वाक्यात थांबला.

दुसऱ्या दिवशी सग्डनबाई मला न्यायला आल्या. कॉलिनही आला होता. एवढ्यात बोझेना कामाच्या निळ्या कपड्यांतच जिना चढून आली.

"माझं कपाट घ्या," ती कॉलिनला म्हणाली. "भिंत मागे सरकवा."

कॉलिनचा चेहरा उजळला. पण विल्फ आडवे आले. "नको. ते तिचं आहे, तिच्याकडेच राहू दे."

"रिकामं तर आहे, मिस्टर विल्फ. कोट काय, मी दारामागे टांगीन."

"रिकामं नाहीये ते."

"मग काय आहे त्यात?"

म्हाताऱ्याने हातातल्या कपात पाहिले. "तुझी आई आहे."

बोझेनाचे कान लाल झाले.

"तुम्ही ऐकत होतात?"

"आईला हाक मारतेस एवढंच कळायचं, बाकी एक अक्षर नाही, पोरी. कळलं असतं तर उठून खाली गेलो असतो. हललो तर पलीकडे माणूस आहे हे तुला समजेल, आणि तू बोलायची थांबशील, म्हणून बसून राहायचो."

"मला वाटायचं, रविवारी तुम्ही झोपता." तिने बाहीने नाक पुसले. "काल मला तुमचा ड्रॉवर ऐकू आला. आईशी मी कुठूनही बोलेन, मिस्टर विल्फ. पण रात्रपाळीहून आले की टेबलावर तुम्ही टॉवेलमधे गुंडाळून ठेवलेली चहाची किटली असते. ती त्या लिफ्टवाल्या इमारतीतून इथे कशी यायची?"

कॉलिनने उगाचच भिंतीवर टकटक करून पाहिले. "फळकुटाची आहे. मावशीच्या वेळची. शनिवारी पाडतो."

"आणि नवी उभारायची ती आग अडवणाऱ्या बोर्डाची," सग्डनबाई म्हणाल्या. डोळे भरून आले तरी नियम सांगायचा त्यांनी सोडला नाही.

भिंत पडली. नवी उभी राहिली. बाईंनी मला पुन्हा ताठ ताणले, आणि खोली भरली. चार बोटे कमी होती तिथे आता ती भरून वर एक खुर्ची मावेल इतकी जागा उरली. परवाना आला आणि कॉलिनने तो चौकट करून खाली कोट टांगायच्या खुंट्यांशेजारी लावला. जाता-येता तो त्याची काच पुसतो. कौन्सिलने आपल्याला काही दिले, असे त्याच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडले.

काळ बदलला. तपासणीला लाल ठिपका टाकून माप सांगणारी यंत्रे आली. सग्डनबाई निवृत्त झाल्या आणि मला विल्फकडे सोडून गेल्या. विल्फनी माझा उपयोग काय करावा? वाऱ्याने खिडकी आपटू नये म्हणून ते मला फटीत कोंबतात. खाऱ्या हवेने माझी पट्टी गंजली आहे, काही आकडे वाचता येत नाहीत.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याची पट्टी ओली असताना आत सोडू नका. आकडा हलतो म्हणून त्याला ठोकू नका. मोजताना ताठ धरा, कोणाच्याही भिडेखातर झोळ पाडू नका. पण माप कमी भरले तर त्याला लगेच खिशात टाकून निघून जाऊ नका. भिंतीपलीकडे कोण राहते, ते एकदा विचारा.

नवी भिंत चांगली जाड आहे. तिच्यातून आता काही ऐकू येत नाही. कपाट होते त्या जागी विल्फनी एक खुर्ची ठेवली आहे, आणि रविवारच्या फोनसाठी खोलीची दुसरी किल्ली बोझेनाकडे दिली आहे. डॉक्टरांनी रविवारी दुपारी चालायला सांगितले आहे, असे ते तिला सांगतात. डॉक्टरांनी असे काही सांगितलेले नाही.

कागदावर ती खोली एका माणसाची आहे. रविवारी दुपारी तो माणूस समुद्राकाठच्या बाकावर बसलेला असतो, पाऊस असला तरी.